टाकीखाली

आमच्या तांड्यावर रेंज येते ती फक्त पाण्याच्या टाकीखाली,
तीही तिसऱ्या पायरीवर बसून, फोन उजव्या गुडघ्यावर ठेवून
कळमनुरीकडं तोंड केलं तर.
म्हणून दिवस मावळला की आम्ही तिथं.
मी, अंगणवाडीचा सरकारी फोन घेऊन.
प्रेमलाबाई आडे, आशाताई, तिचा स्वतःचा.
काळीपिवळीवाला बळीराम, दोन सिमांचा.
आणि खलील वेल्डर, जो खरं तर खालच्या गावचा,
पण त्याच्या गावात टाकीच नाही.

आज माझ्या फोनवर निरोप आला:
नवीन आवृत्ती उपलब्ध आहे.

बळीरामनं मागच्याच आठवड्यात केलीय.
"करू नका, मॅडम.
हिरवं बटन होतं तिथं लाल आलंय.
चार गिऱ्हाइकं मीच कापली.
त्यातलं एक सासरं होतं."
खलील म्हणतो, पहले असरतक चलती थी,
अब जोहर में खलास.
प्रेमलाबाईला आवडलंय मात्र.
"फोटो कसा गुळगुळीत यायलाय बघा,
गालावरचं गोंदणबी पुसून टाकतोय आपोआप."
मग तिनं गालाला हात लावून बघितला,
आणि फोन पालथा ठेवला.

मला करायचंच नव्हतं.
फोनमध्ये बेचाळीस लेकरांची वजनं, अजून न पाठवलेली.
सुपरवायझर बाई म्हणाल्या,
नवीन केल्याशिवाय ॲप उघडणार नाही,
ॲप उघडल्याशिवाय वजनं जाणार नाहीत.
आणि मला भीती, नवीन केलं की वजनं जातील.
ही दोन जाणी वेगळी आहेत,
हे मी बाईंना समजावत बसले नाही.

आधी वहीत उतरवून घेतलं सगळं.
ईश्वर, साडेनऊ किलो.
जुळ्यांतली थोरली, आठ सातशे. धाकटी आठ, जेमतेम,
तेही काट्यावर पाय झाडत होती म्हणून.
'नंतर' हे बटन अकरा वेळा दाबून झालं होतं.
बाराव्यांदा ते आलंच नाही.

दोन जीबी.
वर टाकीत पाणी पडत होतं, आधी रिकाम्या ड्रमसारखं,
मग जड, मग आवाजच नाही.
टाकी भरली. आम्ही अठ्ठावन्नवर.
अठ्ठावन्नवर लाइट गेली, आणि टॉवरची पण.
खलील म्हणाला, फुंक मारो.
बळीराम म्हणाला, उलटा धरा.
प्रेमलाबाई म्हणाली, "डोकं दिसतंय, येईना झालंय.
असल्या टायमाला वढायचं नसतंय."
आणि तिनं तंबाखू मळायला घेतली.

लाइट आली. शंभर झालं. मग फोन काळा पडला.
नुसता काळा, त्यात माझंच तोंड.
बारा मिनिटं माझ्याजवळ
एकाही लेकराचं वजन नव्हतं.

मग उठला. नमस्कार, म्हणाला,
जणू मी त्याला आत्ताच विकत आणलंय.
भाषा निवडा.
केवढी यादी! ज्या देशांची नावं मी शाळेत घोकली नाहीत
त्यांच्याही भाषा होत्या.
बोटानं ढकलत ढकलत गुजरातीपाशी आले.
तिच्या आसपास गोरमाटी नव्हती.
मागच्या वेळीही नसणार,
पण मागच्या वेळी मी शोधली नव्हती.
मराठी दाबली. तिनंच नोकरी दिली मला,
तिच्यावर राग नाही.

ॲप उघडलं.
एकूण लाभार्थी: शून्य.

वही काढली.
प्रेमलाबाईनं तिच्या फोनची बॅटरी लावायचं ठरवलं,
पण ते बटनही कुठं गेलं कुणास ठाऊक,
शेवटी बळीरामनं गाडीचे दिवे आमच्याकडं वळवले.
ईश्वर, साडेनऊ.

सतराव्या लेकरापाशी घर आठवलं.
भावाला लिहिलं: याडीला सांग, उशीर होईल.
फोननं माझी चूक दुरुस्त केली:
गाडीला सांग, उशीर होईल.
मी परत लिहिलं. त्यानं परत केलं.
तिसऱ्यांदा तसंच पाठवून दिलं.
घरी कळतं.

अठरा. जुळ्यांतली थोरली.